सव्वादहाची धडधड

सकाळी साडेसातला मास्तर मागच्या दारात बसून कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने भोक पाडत होते. महिन्याभरातलं हे दुसरं भोक. पहिलं त्यांनी गुपचूप पाडलं होतं, पण या वेळी हातोडी जोरात बसली आणि आवाज थेट स्वयंपाकघरात गेला.

"काय ठोकतोयस रे?" ताई बाहेर आल्या.

"काही नाही. पट्टा सैल झालाय जरा."

"पट्टा सैल होत नसतो. आतला माणूस कमी होतो."

ताई मास्तरांपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्यात मुख्य नर्स म्हणून काढली होती. यजमान गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या, आणि भाऊ पन्नाशीला टेकला तरी एकटाच, त्यामुळे त्यांना हाताशी एक कायमचा पेशंट मिळाला. फक्त तो कधी आजारी पडत नव्हता, एवढीच त्यांची तक्रार होती. आता तीही मिटायची चिन्हं दिसत होती.

त्यांनी भावाचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि ओठ हलवत मोजलं.

"शहाण्णव. बसल्या जागी."

"खिळा ठोकत होतो ना."

"खिळा ठोकून शहाण्णव होत नाही. जेवण अर्धं, झोप अर्धी. आज हार्टच्या डॉक्टरकडे जायचं. पित्तबित्त काही सांगू नकोस मला."

मास्तर पित्तच सांगणार होते. गेले कित्येक दिवस ते पित्ताच्या गोळ्या चघळत होते. गोळी बरोबर दहाला घ्यायची, कारण धडधड बरोबर सव्वादहाला व्हायची.

मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. चोवीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते, आणि त्यांच्या शांतपणाची गावभर ख्याती होती. एकदा एका शिकाऊ गृहस्थाने गाडी काच फोडून फर्निचरच्या दुकानात घातली होती. गाडी दोन सोफ्यांच्या मधोमध थांबली. दुकानदार बेशुद्ध, गृहस्थ रडकुंडीला. मास्तर म्हणाले, "छान. आता हँडब्रेक ओढा." लोक अजून हे सांगतात.

अशा माणसाच्या गाडीत रोपवाल्या मॅडम येऊन बसल्या.

त्यांची गावाबाहेर रोपांची नर्सरी होती. रोपं पोचवायच्या व्हॅनचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, तेव्हा दुसरा शोधण्यापेक्षा स्वतःच शिकावं असं त्यांनी ठरवलं. वय चव्वेचाळीस, घरी एकट्याच, नखांत माती, आवाज खणखणीत. गियर, क्लच, आरसे सगळं त्यांना लवकर आलं. फक्त रस्त्याकडे बघणं येईना. त्यांचं लक्ष झाडांकडे.

"अहो मास्तर, बघा ना! त्या झाडाला कुणी तारेने आवळून ठेवलंय! श्वास तरी कसा घेणार ते?" असं म्हणून त्या भर रस्त्यात कचकन ब्रेक दाबत. मागून हॉर्नचा गदारोळ. आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांनी शिकणाऱ्याने बोट दाखवलं तिकडे पाहिलं. झाडाला खरोखरच तार आवळलेली होती. त्या रस्त्याने ते हजारो वेळा गेले होते, पण तिथे झाड आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. धडधडीची सुरुवात त्याच दिवशीची.

हार्टच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मास्तरांच्याच शिष्या. परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेल्या.

"मास्तर, तुम्ही? मी तुम्हाला दुभाजकावर चढवलं होतं तेव्हा तुम्ही जांभई दिली होतीत. तुमची छाती धडधडते?"

त्यांनी तपासलं, पट्टीवर आलेख काढला. त्यात काही सापडेना. मग त्यांनी मास्तरांच्या छातीला पाच वायरी चिकटवल्या आणि त्यांची टोकं जोडलेली काडेपेटीएवढी डबी पट्ट्याला अडकवली.

"चोवीस तास अंगावर ठेवायचं. आणि या वहीत सगळं वेळ घालून लिहायचं. जिना चढलात, जेवलात, भांडलात, काय वाटेल ते. लपवू नका हं. डबी काही लपवत नाही."

"तो लिहील," ताई म्हणाल्या. "खोटं लिहायला डोकं लागतं."

दुसऱ्या दिवशी उकाड्यातही मास्तर वर जाकीट चढवून कामावर गेले. सव्वादहाला मॅडम आल्या.

"आज थंडी वाजतेय का तुम्हाला?"

"थोडी."

"मला तर घाम फुटलाय." आणि त्यांनी गाडी सुरू केली.

बाजारपेठ ओलांडली, शाळेचा चढ संपला, आणि एका गच्चीवरून जांभळ्या फुलांचा झुबका खाली लोंबताना मॅडमना दिसला. मान तिकडे, गाडीही तिकडे, आणि समोरून ट्रक. मास्तरांनी एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्या हाताने काच वर केली, कारण ट्रकवाला आता काय बोलणार ते त्यांना ठाऊक होतं. ट्रक गेला. मॅडमनी घाबरून मास्तरांच्या दंडावर हात ठेवला.

"सॉरी हं मास्तर. खरंच सॉरी."

मास्तरांनी वही काढली आणि लिहिलं: दहा बावीस, ट्रक. जरा थांबून प्रामाणिकपणे पुढची ओळ लिहिली: दहा तेवीस, सॉरी.

पुढच्या सिग्नलला घात झाला. सीटबेल्टखाली घासून एक वायर सुटली आणि डबी कर्कश आवाजात ओरडायला लागली. मॅडम हादरल्या. त्यांनी ब्रेक दाबला, क्लच दाबला, वायपर चालू केले.

"काय झालं? गाडी का ओरडतेय? मी काय दाबलं?"

"काही नाही मॅडम. गाडी नाही ती."

"मग कोण ओरडतंय?"

"मी," मास्तर म्हणाले.

आता जाकीट उघडून वायर परत चिकटवण्यावाचून इलाज नव्हता. वायरी पाहून मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी सिग्नल ओलांडला, अर्थात इंडिकेटर न देता, आणि गाडी कडेला घेतली.

"हार्टचं आहे?"

"बघताहेत."

"कधीपासून होतंय?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस इथेच अडकतो. "झाले असतील सात आठवडे," मास्तर म्हणाले.

मॅडमनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "मी सात आठवड्यांपूर्वीच शिकायला लागले."

"योगायोग हो."

"कसला योगायोग? आत्ता ट्रकखाली गेलो असतो आपण! परवा कालव्यात! मास्तर, खरं सांगा, माझ्या ड्रायव्हिंगमुळे होतंय ना हे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'छे, तुम्ही उत्तम चालवता' एवढंच म्हणायचं होतं. पण चोवीस वर्षांत त्यांनी कुणाच्या ड्रायव्हिंगची खोटी स्तुती केली नव्हती. शब्द घशाशी आले आणि तिथेच बसले. मॅडमनी त्या शांततेचा अर्थ लावला, इंजिन बंद केलं आणि किल्ली मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"मी कुणाचा जीव घेऊन व्हॅन चालवणार नाही," असं म्हणून त्या उतरल्या आणि तरातरा चालत निघून गेल्या. मास्तर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. डबीत काय उमटत होतं ते डबीलाच ठाऊक.

मॅडम तशाच सरळ गेल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या मनाने चांगल्या होत्या, आणि चांगल्या माणसांनी केलेला घोळ निस्तरणं फार अवघड असतं. वाटेत त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात शिरल्या आणि मालकांना म्हणाल्या, "मी शिकणं सोडलंय. पण तुम्ही जरा त्या मास्तरांना जपा हो. छातीला वायरी लावून शिकवताहेत बिचारे."

मालकांच्या पायाखालची जमीन सरकली. मास्तर परत आले तेव्हा मालक दारातच उभे होते.

"किल्ली द्या."

"का?"

"मास्तर, आपल्या गाडीत क्लच दोन आहेत, ब्रेक दोन आहेत. तुमचं हृदय एकच आहे. ते चालू रस्त्यात बंद पडलं तर मी लोकांना काय सांगू? डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग या."

मास्तरांचे सगळे विद्यार्थी मिशीवाल्या मास्तरांकडे गेले. हे शाळेतले दुसरे मास्तर. गृहस्थ सज्जन, विधुर, आणि अशा झुबकेदार मिशीचे धनी की शिकणारे आरशात मागची गाडी बघायच्या ऐवजी तीच बघत बसत.

घरी ताईंनी मास्तरांना पलंगावर झोपवलं. आळणी सूप सुरू केलं, खिडक्या बंद केल्या, आणि तासातासाला नाडी मोजून कागदावर लिहायला लागल्या. कामावर असताना मास्तरांची धडधड निदान सव्वादहापुरती होती. आता ती घरभर झाली. ते उठत, पाणी पीत, परत झोपत, परत उठत. खिडकीशी जाऊन रस्त्यावरची झाडं मोजत. समोर सात झाडं होती आणि एकाच्या बुंध्याला कुणीतरी पाटी ठोकली होती. हे कुणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटलं.

"पड रे जरा!" ताई ओरडत. "नाडी एकशेचार आहे!"

"पडल्यावर एकशेदहा होते, ताई. उभा असलो की बरं वाटतं."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. त्यांच्यासमोर एका बाजूला डबीतून निघालेला कागद होता आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांची वही.

"मास्तर, दहा पाच ते दहा पंधरा काय करत होतात?"

"गाडी पुसत होतो."

"गाडी पुसताना एकशे अठरा?"

"आरसे जरा नीट पुसत होतो."

"बरं. दहा बावीस. इथे लिहिलंय 'ट्रक'. म्हणजे?"

"समोरून आला होता. अंगावर."

"ट्रक अंगावर आला तेव्हा तुमची नाडी सदुसष्ट आहे." डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "दहा तेवीसला एकशे अठ्ठावीस. इथे तुम्ही लिहिलंय 'सॉरी'. हे कोण कुणाला म्हणालं?"

मास्तर भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघायला लागले. ताईंनी हात लांब करून वही घेतली, पानं मागेपुढे केली आणि भावाकडे नर्सच्या नजरेने पाहिलं.

"कोण आहे?"

"विद्यार्थिनी."

"वय?"

"चव्वेचाळीस."

"हं," म्हणून ताईंनी रोखून धरलेला श्वास सोडला.

"हृदय तर घोड्यासारखं आहे," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "पण मी यावर लिहून काय देऊ?"

"मालकांना चिठ्ठी हवीय," मास्तर कसंबसं म्हणाले. "पण त्यात... म्हणजे... सगळं नको."

डॉक्टरीणबाईंनी बराच विचार करून, मास्तरांची अब्रू राखत चिठ्ठी लिहिली: 'यांचे हृदय निरोगी आहे. धडधड केवळ एका विशिष्ट विद्यार्थिनीला शिकवताना होते. इतर सर्वांना शिकवण्यास हरकत नाही.' ताकास तूर लागू दिली नाही म्हणून त्यांना समाधान वाटलं.

मालकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. ती विशिष्ट विद्यार्थिनी कोण हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. ती स्वतःच तर येऊन सांगून गेली होती! शिवाय उद्या तिचा विचार बदलला तर? मालकांनी त्याच दुपारी शाळेच्या शिक्क्याचं पत्र टाइप करून पाठवलं: 'आमच्या शिक्षकांच्या जीवितास असलेला धोका लक्षात घेता, वैद्यकीय सल्ल्यानुसार आपले नाव कमी करण्यात येत आहे.'

माणूस स्वतःहून खुर्ची सोडतो तेव्हा तो मोठ्या मनाचा असतो. तीच खुर्ची कुणी खालून काढून घेतली की मन आपल्या मापावर येतं. संध्याकाळी पाचला मास्तरांच्या दारावर थाप पडली ती अशी की ताईंच्या हातातला सुपाचा वाडगा हिंदकळला. दारात मॅडम उभ्या. मुठीत पत्र, कपाळावर मातीचा पट्टा.

"मास्तर आहेत का?"

ताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या, या. तुम्हीच का त्या सव्वादहा?"

"काय?"

"काही नाही. आत या. तो उभाच आहे, तीन दिवस बसलेला नाही."

मास्तर खरोखरच खोलीच्या मधोमध उभे होते. मॅडमनी पत्र त्यांच्यासमोर धरलं.

"हे काय आहे? मी शिकणं सोडलं ते तुमची काळजी वाटली म्हणून. आणि तुम्ही डॉक्टरांकडून लिहून आणता की माझ्यामुळे माणसं मरतात? अहो, लोकांनी फेकून दिलेली खोडं मी जगवते! पान नाही, फांदी नाही, अशी खोडं! आणि मी जिवाला धोका?"

"मी असं नाही..."

"मला एकच सांगा. माझं ड्रायव्हिंग इतकं वाईट आहे?"

मास्तरांनी खाली पाहिलं. "आहे," ते म्हणाले.

 मॅडमच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"पण धडधड त्यामुळे नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले.

"मग कशामुळे?"

 मास्तरांचा हात उगाचच गियर शोधायला लागला. आतून ताईंचा वॉर्डातला आवाज आला, "अरे, सांगून टाक एकदाचं! मला तासातासाला नाडी मोजायचा कंटाळा आलाय!"

"ट्रक आला ना," मास्तर म्हणाले, "तेव्हा माझी नाडी सदुसष्ट होती. कागद आहे डॉक्टरांकडे. आणि तुम्ही सॉरी म्हणालात, तेव्हा एकशे अठ्ठावीस."

 मॅडमनी ते दोन आकडे मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले असावेत. मग हातातलं पत्र त्यांनी हळूहळू घडी करायला घेतलं. एक घडी, दोन घड्या, चार. शेवटी ते बोटाएवढं झालं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या.

"आणि आत्ता किती आहे?"

ताई बाहेर आल्या, भावाचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. "एकशे चाळीस. बाई, काय ते लवकर बोला. फार ताणू नका."

"मला वाटलं मलाच काहीतरी झालंय," मॅडम पदराने कपाळावरची माती पुसत म्हणाल्या. "क्लासवरून घरी गेले की अशी भूक लागते, अशी भूक लागते! दिसेल ते खाते. सात आठवड्यांत पाच किलो वाढले. मी म्हटलं, थायरॉइड असेल."

"चला," ताई म्हणाल्या, "याचं गेलेलं कुठे गेलं ते तरी कळलं."

त्या संध्याकाळी तिघं मिळून जेवली. मास्तरांनी सूप बाजूला सारलं आणि ताटात वाढलेलं सगळं संपवून आणखी मागितलं. महिनाभरात चार माणसांच्या साक्षीने लग्नाच्या कागदावर सह्या करायच्या, असं दोघांनी ठरवलं. एकाच गोष्टीवर ताई अडून बसल्या.

"गाडी मात्र तू शिकवायची नाहीस. एकाच गाडीत संसार आणि क्लच दोन्ही नको. यांचं राहिलेलं शिक्षण दुसऱ्याकडे."

मालकांना हे पटलं. मॅडमचं नाव पुन्हा पटावर आलं आणि त्या मिशीवाल्या मास्तरांकडे शिकायला लागल्या. मास्तर परत कामावर रुजू झाले. झोप लागायला लागली, अंग भरायला लागलं. दहा दिवस असे छान गेले.

अकराव्या दिवशी क्लास चालू असताना ऑफिसातून फोन आला की मिशीवाले मॅडमच्या क्लासवरून परतलेच नाहीत. त्यांच्या छातीत धडधड होतेय म्हणून त्यांना हार्टच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंय, आणि त्यांनी डबी लावायची ठरवलीय.

 छातीत धडधड! मॅडम गाडीत येऊन जेमतेम दहा दिवस झाले, आणि याला धडधड! मिशीवाले आपल्याहून चार वर्षांनी लहान. एकटे. आणि ती मिशी! मॅडम तर झुबका दिसला की बघतच राहतात! मास्तरांनी शिकाऊ मुलीला रस्त्यातच गाडी उभी करायला लावली, "आजचा क्लास संपला" म्हणून सांगितलं, आणि ते जवळजवळ धावतच दवाखान्यात पोचले.

मिशीवाले बाकावर बसले होते. चेहरा पांढराफटक, मिशी दोन्ही बाजूंनी खाली आलेली.

"कधीपासून होतंय?" मास्तरांनी धापा टाकत विचारलं.

"दहा दिवस."

"नेमकं कधी होतं?"

"कधी म्हणजे? त्या मॅडमनी गाडी सुरू केली की होतं. उतरल्या की थांबतं."

मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली. "बोलतात ना त्या फार छान?"

"बोलत असतील," मिशीवाले क्षीण आवाजात म्हणाले. "मला ऐकू येत नाही. मी डोळे मिटून देवाचा धावा करत असतो. काल पेट्रोल पंपात बाहेर पडायच्या बाजूने आत शिरल्या. परवा एका वरातीसारखी रांग लावली मागे, गाडी हलेचना, का तर कुंपणावर कसलीशी शेंग आलीय म्हणे! मास्तर, मला दोन लहान मुलं आहेत हो!"

मास्तरांच्या छातीवरचा दगड खाली उतरला. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ते बाकावर सरकून मिशीवाल्यांना खेटून बसले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"घाबरू नका. याला औषधसुद्धा लागत नाही. मग? आज काय केलं त्यांनी?"

"आज? आज फुटपाथवर चढवली. सरळ! एका भिंतीवर वेल होता तो जवळून बघायला."

"कसला वेल?"

मिशीवाले त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "मला इथे मरायची वेळ आलीय आणि तुम्ही वेल कसला ते विचारताय?"

"फुलं कोणत्या रंगाची होती? त्या काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांगा ना, जसेच्या तसे."

एवढ्यात नर्सने दार उघडून मिशीवाल्यांचा नंबर पुकारला. ते उठायला लागले, पण मास्तरांनी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"पाच मिनिटं थांबा हो सिस्टर," मास्तर म्हणाले. "आम्ही अजून फुटपाथवरच आहोत."